कार्यानुभवाचा तास

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने, म्हणजे आपल्याच वर्गातल्या तिघांनी, मला 'तुझ्या सॉफ्टवेअरबद्दल काहीतरी सोपं करून लिही' असं सांगितलं होतं. पण आपल्या तुकडीतले निम्मे लोक त्याच धंद्यात आहेत आणि उरलेल्या निम्म्यांनी त्यांच्याकडून पुरेसं ऐकलेलं आहे. तेव्हा मी विषय बदलून घेतला. हा लेख कार्यानुभवाच्या तासाबद्दल आहे. हसू नका. त्या तासाला इतिहास आहे, आणि आपल्याला वाटतो त्याहून तो बराच लांबचा आहे.

आठवतंय ना? आठवी-नववीला बुधवारी मधल्या सुट्टीनंतर जोडतास. वेळापत्रकावर 'का. अ.' एवढीच दोन अक्षरं. कधी खडू पाडायचे, कधी फिनेल बनवायचं, कधी सुतळीचं पायपुसणं, कधी रद्दी कागदाची पाकिटं. वर्षातले दोनेक महिने भरतकाम. मुलांनाही सुई धरावी लागे आणि त्यावरून शेवटच्या बाकांवर जे विनोद होत, ते बाई हा अंक वाचणार असल्यामुळे इथे लिहीत नाही. बाई प्रत्येकाला मॅटीचा चार इंचांचा चौकोन कापून देत. मोठं कापड मागितलं तरी देत नसत. त्यांचं वाक्य ठरलेलं होतं : "एवढाच घे. पुरा कर. मग घरी ने."

पुरा होत नसे, हा भाग वेगळा. जोडतासातला दुसरा तास बहुतेक बुधवारी गणिताला जाई. पोर्शन राहिलाय, सराव परीक्षा जवळ आली आहे, काहीही कारण पुरे. बाई कधी हरकत घेत नसत. रिंगा गोळा करत, सुया मोजून डबीत ठेवत आणि फळा पुसून देऊन निघून जात. सरांना बोलवायला स्टाफरूमपर्यंत धावत जाणारी वर्गप्रतिनिधी मी होते. कुणी सांगितलं नव्हतं. मला गणित आवडायचं आणि सुईत दोरा ओवता यायचा नाही, एवढंच.

नववीच्या प्रदर्शनात मी एक टेबलक्लॉथ ठेवला. चारी कोपऱ्यांत गुलाब, शेड भरलेले. तो माझ्या मावशीने केला होता, आणि हे जाहीर करायला मला तीस वर्षं लागली. बाईंनी तो हातात घेतला, वरची बाजू पाहिलीच नाही, सरळ उलटा केला. मागे एकही गाठ नव्हती, दोरा कुठे लोंबत नव्हता. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "अ श्रेणी देते. ज्यांची आहे त्यांना घरी जाऊन सांग." वर्गात कुणाला कळू दिलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आईची लोखंडी पेटी आवरताना मला माझा खरा चौकोन सापडला. चार इंच, पिवळटलेला, त्यात पाऊण फूल. सुई तशीच टोचलेली होती आणि गंजून तिचा डाग कापडात उतरला होता. तो हातात घेऊन बसले आणि पहिल्यांदाच एक साधा प्रश्न पडला : हा तास आपल्या वेळापत्रकात आला कुठून? गणित, विज्ञान, भाषा का आहेत ते सांगता येतं. पण मुलांनी फुली टाका घालावा असं कुणाला, कधी आणि कशासाठी वाटलं? त्यानंतर सुट्टीच्या दिवशी जे वाचत गेले, ते इथे सांगते आहे.

सुरुवात जर्मनीपासून करावी लागते. १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्ग या छोट्या गावात फ्रीड्रिख फ्रोबेल या शिक्षकाने लहान मुलांसाठी एक संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं. आपण ज्याला 'केजी' म्हणतो त्यातला 'के' तो हाच. मुलाला आधी सांगून मग करायला लावण्याऐवजी आधी हातात काहीतरी द्यावं, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी त्याने वस्तूंचे संच ठरवले, चेंडू, घन, नळकांडं असे, आणि त्यांच्या जोडीला हातकामं : कागदाच्या घड्या, कागदी पट्ट्यांची वीण, टोचलेल्या पुठ्ठ्यातून दोऱ्याने शिवणं, भिजवलेल्या वाटाण्यांत काड्या खोचून आकार उभे करणं. प्रत्येक काम लहान. एका बैठकीत सुरू होऊन त्याच बैठकीत संपणारं.

प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये या बालवाड्यांवर बंदी घातली. नास्तिक आणि समाजवादी शिकवणीचा संशय होता. फ्रोबेलच्या पुतण्याचं एक पुस्तक काकांच्या नावावर धरलं गेलं, असा घोळ त्यामागे होता. बंदी उठली १८६० मध्ये, आणि तोपर्यंत फ्रोबेल जाऊन आठ वर्षं झाली होती. कागदाच्या घड्यांना घाबरलेलं सरकार म्हणून मला ही हकीकत फार आवडते.

त्या घड्या पुढे आपल्या देशात आल्या आणि एका गणितप्रेमी माणसाच्या हाती लागल्या. टी. सुंदर राव यांनी १८९३ साली मद्रासमध्ये कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं एक इंग्रजी पुस्तक छापलं. कल्पना कुठून सुचली ते त्यांनी प्रस्तावनेत सांगितलं आहे : फ्रोबेलच्या पद्धतीचा आठवा संच, त्यात दोनशे रंगीत चौकोनी कागद. फेलिक्स क्लाइन या नामवंत जर्मन गणितज्ञाने त्या पुस्तकाचा उल्लेख केला, त्यामुळे ते परदेशात पोहोचलं आणि १९०१ मध्ये शिकागोहून त्याची नवी आवृत्ती निघाली.

त्यातली एक घडी सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. चौकोनी कागद घ्या. उभा मधोमध दुमडून उलगडा, म्हणजे मध्यावर रेघ उमटेल. आता खालचा डावा कोपरा बोटाने दाबून धरा आणि खालचा उजवा कोपरा उचलून असा न्या की तो बरोबर त्या मधल्या रेघेवर टेकेल. टेकला तिथे खूण करा. ती खूण आणि खालचे दोन कोपरे जोडले की समभुज त्रिकोण. कंपास नाही, कोनमापक नाही. का होतं? डाव्या कोपऱ्यापासून खुणेपर्यंतचं अंतर म्हणजे कागदाची बाजूच, कारण आपण तीच उचलून नेली. आणि मधल्या रेघेवरचा प्रत्येक बिंदू दोन्ही कोपऱ्यांपासून सारख्याच अंतरावर. संपलं. गणिताच्या सरांनी ही घडी आमच्याकडून कार्यानुभवाच्या तासात करून घेतली असती, तर तास कुणाचा यावर वादच उरला नसता.

वाटाणे आणि काड्याही पुढे आल्या, फक्त वेशांतर करून. अरविंद गुप्ता हे आयआयटी कानपूरचे अभियंते. पुण्यात टेल्कोत काही काळ नोकरी केली, होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेले आणि काडेपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडून त्रिकोण, घन, घरं बनवू लागले. पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अशी शेकडो खेळणी केली. वाटाण्याच्या जागी व्हॉल्व्ह ट्यूब आली. वाटाणा वाळून आक्रसतो, नळी टिकते, हा फरक. मी इंजिनिअरिंगला असताना त्यांची पुस्तकं लहान मुलांची म्हणून बाजूला ठेवली होती. आता माझ्या मुलापेक्षा मीच ती जास्त उघडते.

आपल्या तासाचा खरा पूर्वज मात्र मला स्वीडनमध्ये सापडला. त्याआधी फिनलंड. तिथे उनो सिग्नेअस या शिक्षणाधिकाऱ्याने फ्रोबेलची कल्पना बालवाडीतून उचलून मोठ्या मुलांच्या शाळेत नेली, आणि १८६६ च्या शाळाविषयक कायद्याने ग्रामीण शाळांत मुलग्यांना हस्तकाम सक्तीचं झालं. त्याचं म्हणणं होतं, हे सुतारकी शिकवणं नव्हे. सुतार झाला नाही तरी मुलाचे हात, डोळे आणि डोकं एकत्र चाललं पाहिजे. पलीकडे स्वीडनमध्ये नेस नावाच्या गावी ऑटो सालोमोन आपल्या मामांच्या जहागिरीवर शाळा चालवत होता. १८७७ मध्ये तो सिग्नेअसला जाऊन भेटला आणि परत येऊन त्याने या कामाची पद्धत बांधली. तिला 'स्लॉइड' म्हणतात. हा स्वीडिश शब्द हातकामातल्या कसबासाठी आहे.

सालोमोनची पद्धत वाचताना मी दोनदा थांबले. त्याने लाकडी वस्तूंची एक मालिका केली होती. सुरुवातीला नुसत्या चाकूने तासायची छोटी काडी, मग जरा अवघड, मग त्याहून अवघड. प्रत्येक पायरीवर एखादंच नवं हत्यार किंवा नवं कसब. वस्तू घरात वापरता येईल अशी हवी, शोभेची नको. एका वस्तूचं सगळं काम एकाच मुलाने करायचं, वाटून नाही. सुरुवातीच्या वस्तू लहान, कारण लहान वस्तू लवकर पुरी होते आणि पुरी झालेली वस्तू मूल घरी नेऊ शकतं. आणि शिक्षकाने मुलाच्या कामाला हात लावायचा नाही. दाखवायचं ते दुसऱ्या तुकड्यावर.

एवढाच घे. पुरा कर. मग घरी ने. आपल्या बाईंनी सालोमोन वाचला होता का, ते मला ठाऊक नाही. त्यांच्या डी.एड.च्या अभ्यासातून आलं असेल, किंवा वर्षानुवर्षं पन्नास-पन्नास मुलं सांभाळून त्यांना ते आपोआप उमगलं असेल. पण आपल्यापैकी कुणाचाही टाका चुकला की त्या आपलं कापड कधी हातात घेत नसत, स्वतःच्या पदराला खोचलेल्या चिंधीवर घालून दाखवत, हे ज्यांना आठवतंय त्यांनी मला जरूर सांगा. मला तरी ते लख्ख आठवतं, आणि तेव्हा तो बाईंचा हट्ट वाटायचा.

नेसला सुट्टीत शिक्षकांचे वर्ग भरत आणि जगभरातून शिक्षक तिथे येत. शिवणकामाला हीच शिस्त स्टॉकहोममध्ये हुल्डा लुंडिन या शिक्षिकेने लावली. तोवर शाळेतलं शिवण म्हणजे मुलीच्या आईने घरून दिलेलं काम शाळेत बसून उरकणं. लुंडिनबाईंनी पायरीपायरीचे नमुने ठरवले आणि सगळ्या वर्गाला एकत्र शिकवायला सुरुवात केली. मला त्यांच्याबद्दल आणखी वाचायचं आहे. सुतारकामाच्या मानाने शिवणकामाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी फारच थोडक्यात आटपला आहे.

आता आपल्याकडे. इथे प्रश्न वेगळा होता, आणि तो जागा आपल्या राज्यातच झाला. ३१ जुलै १९३७ च्या 'हरिजन'मध्ये गांधीजींनी लिहिलं की मुलाचं शिक्षण एखाद्या उपयोगी हस्तोद्योगापासूनच सुरू व्हावं. त्याच वर्षी २२ आणि २३ ऑक्टोबरला वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. डिसेंबरात तिचा अहवाल आला. त्यातलं वेळापत्रक मी वहीत उतरवून घेतलं : शाळा साडेपाच तासांची, त्यात हस्तोद्योगाला तीन तास वीस मिनिटं. मातृभाषेला चाळीस मिनिटं. संगीत, चित्रकला आणि अंकगणित मिळून चाळीस. म्हणजे वर्ध्याच्या शाळेत गणिताच्या सरांना कार्यानुभवाच्या बाईंकडे तास मागायला जावं लागलं असतं, आणि तिथे गणित चित्रकलेच्या शेजारी मांडी घालून बसलं असतं.

गांधीजींची कल्पना सालोमोनपेक्षा दोन पावलं पुढची होती. हस्तोद्योग हा एक विषय नव्हे, त्याच्यातूनच सगळे विषय शिकवायचे. टकळीवर सूत काढताना मोजमाप येतं, कापूस आला की शेती येते, भूगोल येतो, गिरण्यांचा इतिहास येतो. इथपर्यंत माझी मान हलते. दुसरं पाऊल असं की मुलांनी केलेल्या मालातून शिक्षकांचा पगार निघावा. गरीब देशात सर्वांना सात वर्षांचं मोफत शिक्षण द्यायचं तर पैसा आणायचा कुठून, हा त्यामागचा खरा पेच होता आणि त्याला दुसरं उत्तर कुणाकडे नव्हतं. पण अर्थशास्त्रज्ञ के. टी. शाह यांनी परिषदेतच हरकत घेतली : शाळांचा माल बाजारात आला तर पोटासाठी तोच माल करणाऱ्या कारागिरांचं काय? मला शाहांचं पटतं. आणि एकदा सुताच्या वजनावर शाळेचा हिशेब लागू लागला, की वाकडातिकडा धागा काढणाऱ्या मुलाला वाकडा धागा काढण्याची मुभा राहत नाही. शिकण्यासाठी तीच मुभा तर सगळ्यात जास्त लागते.

पुढची पन्नास वर्षं म्हणजे नावं बदलण्याचा इतिहास. तो भरभर सांगते. नई तालीम, मग मूलोद्योग शिक्षण. १९६४ ते ६६ या काळातल्या कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' हा शब्द पुढे आणला. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. शाळा, घर, शेत, कारखाना, कुठे ना कुठे मुलाने खऱ्या उत्पादक कामात भाग घ्यावा, ही कल्पना. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याला 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असं भारदस्त नाव दिलं. त्याच्या एसयूपीडब्ल्यू या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ 'काही उपयुक्त तास वाया' असा इंग्रजी शाळांतली पोरं लावत. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पुन्हा कार्यानुभव आला. आपण त्या लाटेतले.

साडेपाच तासांतल्या तीन तास वीस मिनिटांपासून बुधवारच्या जोडतासापर्यंत, आणि त्यातलाही अर्धा गणिताला. कुठल्या समितीने हा तास बंद करा असं कधी म्हटलं नाही. प्रत्येक अहवालाने त्याचा गौरवच केला. तो मेला तो आपल्यासारख्यांच्या हातून, स्टाफरूमच्या दारात.

तरीही एक गोष्ट मला खटकत राहिली. फ्रोबेल म्हणतो मन घडतं, सालोमोन म्हणतो हात आणि डोळा घडतो, गांधीजी म्हणतात समाज घडतो आणि खर्चही निघतो. पण रात्री दहा वाजता, सगळी कामं आटपल्यावर, मी जेव्हा चार इंचांचा चौकोन घेऊन बसते, तेव्हा मला काहीच घडवायचं नसतं. मला फक्त बरं वाटतं. या बरं वाटण्याचा इतिहास शाळेत सापडत नाही, तो दवाखान्यात सापडतो.

१९१० साली अमेरिकेत सुझन ट्रेसी या परिचारिकेने आजाऱ्यांना अंथरुणात करता येतील अशा हातकामांवर पुस्तक लिहिलं. १९१७ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज इथे काही मंडळी जमली आणि त्यांनी या उपचाराची संस्था स्थापन केली. ज्याच्या घरी ती जमली तो जॉर्ज बार्टन हा वास्तुविशारद स्वतः क्षय, पायाची शस्त्रक्रिया आणि अर्धांगवायू यांतून हातकाम करत उठला होता. मराठीत याला व्यवसायोपचार म्हणतात. तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं. इंग्लंडमध्ये अर्नेस्ट थेसिजर हा नट आघाडीवर हातांना जखमा घेऊन परतला होता. त्याला भरतकामाचा नाद होता. जायबंदी सैनिकांना भरतकाम देणाऱ्या एका संस्थेच्या कामात १९१८ पासून तो पुढे होता. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलसाठी शंभराहून अधिक जखमी सैनिकांनी भरलेलं वेदीचं वस्त्र १९१९ मध्ये वापरलं गेलं, आणि २०१४ मध्ये ते पुन्हा लोकांना पाहायला मांडलं. शेवटच्या बाकावरच्या माझ्या मित्रांनो, खंदकातून आलेल्या त्या गड्यांनी सुई धरली होती, एवढं लक्षात असू द्या.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर मुंबईला या. १९५० साली परळच्या केईएम रुग्णालयात भारतातली व्यवसायोपचाराची पहिली शाळा सुरू झाली, ती कमलाबाई निंबकरांमुळे. त्या मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. निंबकरांच्या घरात लग्न करून आल्या आणि इथल्याच झाल्या. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी जी शाळा उभी केली तिचं नाव कमला निंबकर बालभवन. आपल्यापैकी जे फलटणकडे राहतात त्यांना ते नाव रोजच्या पाहण्यातलं असेल.

रुग्णाला आधी लहान काम का देतात, याचं कारण व्यवसायोपचारात शिकलेल्या माझ्या एका नातेवाईक मुलीने मला सांगितलं. आजारी माणसाचं दिवसभरात काहीच त्याच्या हातात उरलेलं नसतं. औषध कधी, जेवण कधी, घरी कधी, सगळं दुसरे ठरवतात. टोपलीचा एक वेढा मात्र तो स्वतः सुरू करतो आणि स्वतः संपवतो. मी आजारी नाही. पण आमच्या धंद्यात काहीच संपत नाही, हे त्यातल्या मंडळींना माहीत आहे. एक तक्रार मिटवली की तिच्या पोटातून दोन निघतात. पाच वर्षं खपून केलेली प्रणाली एका सकाळी 'जुनी' ठरते आणि पुसली जाते. हातात धरून दाखवावं असं वीस-बावीस वर्षांत काही राहिलेलं नाही. चार इंचांच्या चौकोनात तीस गुणिले तीस घरं बसतात. सहा पदरी दोऱ्यातले दोन पदर काढायचे, एका दिशेने तिरप्या रेघा घालत जायचं, मग उलट दिशेने परत यायचं. चुकलं तर उसवायचं, आणि उसवताना कुणाला मेल करावा लागत नाही.

हे माझ्या आजीला सांगितलं असतं तर तिला ते कळलंच नसतं. ती उन्हाळ्यात गोधड्या शिवायची. जुनी लुगडी, जुनी धोतरं, थरावर थर आणि मैलभर धावदोरा. सुंदर असायच्या, पण तो तिचा छंद नव्हता. थंडी येणार होती आणि घरात अकरा माणसं होती. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं, तिथे बायका शिवण शिकत त्या मन रमवायला नव्हे, चार पैसे मिळवून स्वतःच्या पायावर उभं राहायला. तेव्हा 'हातकामाने मनाला विसावा मिळतो' असं मी म्हणते, ते पोटासाठी सुई धरावी लागली नाही म्हणून म्हणू शकते. मावशीने माझा टेबलक्लॉथ भरला तोही तिच्या विसाव्याचा वेळ मोडून. तिला तो 'अ' मी कधी कळवला नाही. ती आता नाही.

तर दोन वर्षांत माझे एकवीस चौकोन झाले. आधी एक चूक केली होती ती सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. हुरूप आला म्हणून दोन फुटी गणपती आणला, चौसष्ट रंगांच्या लडी, सोबत नकाशा. सोंडेपर्यंत पोहोचले आणि तो कपाटात गेला, कारण त्याचंही ऑफिसच झालं होतं. आता जे आठवड्यात पुरं होणार नाही ते हाती घ्यायचं नाही असा नेम आहे. बरे झालेले चौकोन पाण्याच्या पेल्याखाली ठेवायला देऊन टाकते. वाईट झालेले माझ्याकडे राहतात, ते जास्त आहेत. पेटीतला जुना चौकोन पुरा करायला घेतला होता, पण गंजलेल्या डागापाशी कापड विरलं आहे, सुई घातली की घर तुटतं. तो तसाच, पाऊण फुलाचा, ठेवून दिला.

संमेलनाच्या दिवशी बाई येणार आहेत, असं समितीने कळवलं आहे. गणिताचे सरही येणार आहेत. दुपारच्या जेवणानंतर दोन ते साडेतीन या वेळात कार्यक्रमपत्रिकेवर 'मुक्त गप्पा' असं छापलं आहे. त्या वेळेला मी जुन्या नववी 'ब'च्या वर्गात मॅटीचे साठ चौकोन, बोथट टोकाच्या सुया, चार रंगांच्या लडी आणि पाच-सहा जणांना पुरतील इतके वाचायचे चष्मे घेऊन बसणार आहे. सरांसाठी रंगीत कागद आणते आहे, त्या त्रिकोणासाठी. चौकोन प्रत्येकी एकच मिळेल. येताना घरून कुणी काही भरून आणू नये, बाई उलटी बाजू बघतात.